चऱ्होलीचं लिंबू

तुळशीची लग्नं उरकली की भोसरीपासून आळंदीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लॉन्सच्या कमानी उजळतात आणि माझं डोकं फिरायला लागतं. लग्नसराई आली की लोकांना शालू आठवतात, जिलबी आठवते, कुणाचं जमलं नि कुणाचं फिसकटलं ते आठवतं. मला एक लिंबू आठवतं. मधोमध चिरलेलं, रस गळणारं, एका धडधाकट माणसाच्या हातातलं. त्या माणसावर मी पंचवीसेक वर्षं डूख धरून आहे. नागीण म्हणा हवं तर, मला काही वाटत नाही.

सगळे सांगतात, राग सोड गं, रागाने आपलंच रक्त आटतं. आटू दे. माझ्या रक्ताचं मी बघेन. हा राग माझ्याबरोबर कंपनीच्या बसमध्ये बसून चाकणला येतो, कँटीनमध्ये शेजारी बसून जेवतो, संध्याकाळी माझ्याबरोबर संत तुकाराम नगरच्या भाजीवाल्याशी भांडतो. एवढी सोबत मला सख्ख्या माणसांनीही केलेली नाही. तो सोडायचा म्हणजे घरातलं माणूस बाहेर काढल्यासारखं होईल.

मी कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्या लाइनवर गाड्यांचे पाइप वाकवतात. वाकवताना पाइपला घडी पडली, चीर गेली, पोटातून तो चपटला की मी त्याच्यावर लाल खूण करते आणि बाजूला काढते. शनिवार-रविवारी मी लग्नांत ट्रम्पेट वाजवते. दोन्ही कामं ऐकून लोक हसतात, पण ट्रम्पेट तरी काय, वाकवलेला पाइपच की. सरळ केला तर माझ्या उंचीएवढा होईल, आणि मी काही उंच नाही. पितळेची एवढी लांब नळी हातात मावावी म्हणून तिला दोन वळसे दिले, एका टोकाला वाटीसारखं माउथपीस बसवलं आणि दुसरं टोक धोत्र्याच्या फुलासारखं उघडं सोडलं.

फुंकलं की वाजतं, असं सगळ्यांना वाटतं. घ्या, फुंका! नुसतं फुस्स होतं. ट्रम्पेटला स्वतःचा आवाजच नसतो, आवाज असतो तो ओठांचा. ओठ मिटायचे, कडा ताणायच्या आणि मधून हवा अशी ढकलायची की ओठ फुरफुरले पाहिजेत. ती फुरफुर नळीतल्या हवेला हलवते आणि तिकडून सूर बाहेर पडतो. वरचे तीन खटके असतात ना, ते दाबले की हवेला जास्तीच्या नळीतून फिरून जावं लागतं. वाट लांबली की सूर उतरतो. मधला खटका अर्धा सूर उतरवतो, पहिला एक, तिसरा दीड. बाकीचा सगळा खेळ ओठ किती ताणायचे याचा. म्हणून ट्रम्पेटवाला जपतो ते ओठांना. थंडीत तूप लावतो, फार तिखट खात नाही, आणि वाजवायच्या आधी कुणी आंबट पदार्थाचं नाव जरी काढलं तरी तिथून उठतो.

आंबटाचं कारण साधं आहे. तोंडाला पाणी सुटलं की ओठ सैल पडतात, घोट गिळावा लागतो आणि गिळताना फुंकता येत नाही. आमच्या घरी आई पितळेची भांडी चिंचेने घासायला बसली की आप्पा चपला घालून बाहेर पडायचे. "मला वाजवायचंय माय, ते आत घेऊन जा," म्हणायचे. आई मुद्दाम त्यांना ऐकू जाईल असं चिंचेचं बोट चोखायची. आप्पा जिन्यात, आम्ही दारात, आणि सगळी बिल्डिंग हसायची. घरातली मस्करी अशी असते. ज्याची मस्करी होते तो माणूसही हसतो.

आप्पा म्हणजे माझे वडील, नामदेवमास्तर. लातूरकडून पिंपरीला आले ते प्रेसवर काम करायला. धाडधाड पत्रा कापणाऱ्या मशीनवर सहा दिवस आणि लग्नसराईत मिळेल त्या सुट्टीला बँड. शिकले ते देहूरोडच्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडून, जे फौजेच्या बँडमधून निवृत्त झाले होते. आपल्याकडे हे वाद्य फौजेच्याच वाटेने आलं. गोऱ्यांच्या पलटणी आल्या, त्यांच्या छावण्यांत बँड आले, मग देशी पोरं त्यांत भरती झाली, आणि फौजेतून बाहेर पडल्यावर पोटासाठी वरातीत वाजवायला लागली. बँडवाल्यांचा लाल कोट, खांद्यावरच्या सोनेरी झिरमिळ्या, छातीवरची ती खोटी पदकं, हे सगळं त्या पलटणींचं उरलेलं कापड आहे. लढाई गेली आणि नवरदेव आला. आप्पांचा कोट गॅलरीत वाळत घातला की मी बाह्यांत हात घालून आरशापुढे उभी राहायची. घामाचा, डांबरगोळ्यांचा आणि पितळेचा एकत्र वास यायचा त्याला. तो वास अजून कुठे आला तर मी चालता चालता थांबते.

ती लग्नसराई माझ्या दहावीच्या परीक्षेनंतरची. निकाल लागायचा होता, करायला काही नव्हतं, म्हणून मी आप्पांबरोबर लग्नांना जायला लागले. वैशाख इतका तापला होता की टेम्पोच्या फळीला हात लावता येत नव्हता. उन्हात ट्रम्पेटही तापतो आणि त्याचा सूर चढतो. आप्पा दर दोन गाण्यांनी एक नळी बोटभर बाहेर ओढायचे, म्हणजे सूर खाली बसतो. खालची छोटी कळ दाबून पाणी झटकायचे. लोक नाक मुरडायचे, थुंकी म्हणून. ती थुंकी नसते हो, बहुतेक श्वासाची वाफ असते, झाकणाला धरते तशी. मी त्यांना रुमाल द्यायची, पाणी द्यायची आणि पंगतीत त्यांच्या शेजारी बसून मठ्ठा प्यायची. इतकी सुखी मी नंतर फार कमी वेळा झाले.

त्या काळी चऱ्होलीत बिल्डिंगा नव्हत्या. शेतं होती, आंबराई होती, आणि एका मोठ्या घरच्या पुतणीचं लग्न तिथल्याच मोकळ्या रानात मांडव घालून होतं. पुतणीचे चुलते म्हणजे तात्या. तेव्हा चाळिशीचे असतील. पांढरे कपडे, गळ्यात साखळी, भोवती टवाळ मित्र. मंगलाष्टका सुरू झाल्या. बँड तेव्हा गप्प असतो, पण शेवटच्या 'सावधान'नंतर 'वाजवा रे वाजवा' अशी आरोळी उठली की त्या क्षणी सुरुवात ट्रम्पेटनेच व्हायला हवी. अक्षता पडतात, माळा पडतात आणि त्याच्यावर तो पहिला सूर पडतो. तो चुकला तर अपशकून. म्हणून आप्पा शेवटच्या अष्टकेलाच ट्रम्पेट ओठाला लावून उभे राहायचे.

शेवटची अष्टका चालू असताना तात्या बँडसमोर येऊन उभे राहिले. हातात लिंबू. मित्रांच्याही हातात एकेक फोड. आप्पांच्या तोंडासमोर ती धरून चोखायला लागले, चपचप आवाज करत, डोळे मिचकावत. वाजंत्र्यांपुढे चिंच-लिंबू खायची खोडी गावोगाव करतात, मला नवी नव्हती. पण ती करतात ते वरात रेंगाळलेली असताना, अष्टका संपताना कुणी करत नाही. आप्पांनी मान फिरवली, तर हे दुसऱ्या बाजूला गेले. आप्पांनी डोळे मिटले, तर रस मुद्दाम त्यांच्या हातावर पिळला. आणि आरोळी उठली. वाजवा!

सूर आलाच नाही. आधी फुस्स झालं, मग म्हशीचं पारडू ओरडावं तसा एक फाटका आवाज आला आणि तोही तुटला. ढोलवाला गोंधळून थांबला. सगळ्या मांडवात अक्षता पडत होत्या आणि वाद्य नव्हतं. नवऱ्याकडची बायामाणसं एकमेकींकडे बघायला लागली. मग त्यांच्यातला एक म्हातारा उठला, काठी आपटत म्हणाला, "हे काय इपरीत? कुनी केलं हे?"

इथपर्यंत मी तात्यांना कधीतरी माफ केलं असतं. मस्करी फसली, चूक झाली, हसून मोकळं व्हायचं. पण तात्यांनी हातातलं लिंबू मांडवाच्या कनातीखाली टाकलं, पुढे आले आणि मोठ्याने म्हणाले, "बँडवाला पिऊन आलाय."

आप्पांच्या गळ्यात माळ होती. दारूच्या दुकानाच्या बाजूने ते चालतसुद्धा नसत. म्हाताऱ्याने त्यांना जवळ बोलावलं आणि सांगितलं, "हा कर." आणि माझ्या बापाने, लाल कोटात, चारशे माणसांपुढे, तोंड उघडून हा केलं. म्हाताऱ्याला काही कळलं नाही. तेव्हा तात्या वाकले, आप्पांच्या तोंडाला नाक लावलं आणि म्हणाले, "येतोय की वास!"

मी ओरडले. "खोटं बोलताय! लिंबू तुम्ही खाल्लं, मी बघितलं!" एका बाईने माझं तोंड दाबलं. "गप गं पोरी, लग्नघर आहे." आम्हाला पंगतीतून उठवलं. टेम्पोत ढोलवाला रडत होता आणि आप्पा ट्रम्पेट फडक्याने पुसत होते. मी म्हटलं, तुम्ही बोलला का नाहीत? तर म्हणाले, "जाऊ दे की माय. मस्करी करायले होते ते. लगीन मोडलं असतं त्या लेकराचं."

जाऊ दे! या दोन शब्दांचा मला जेवढा तिटकारा आहे तेवढा जगात कशाचाही नाही. त्या सराईत पुढे सुपारी आली नाही. दिघी, मोशी, डुडुळगाव, जिथे जाल तिथे बोलणं आधी पोचलेलं असायचं की या बँडचा ट्रम्पेटवाला पितो. बँड मोडला. आप्पांनी ट्रम्पेट जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला आणि ओव्हरटाइम मागून घ्यायला लागले. लोक म्हणायचे, बरं झालं, सुटला नाद. मी दातओठ खात असायची आणि ते ताटातला भात कालवत म्हणायचे, "जाऊ दे."

मी ट्रम्पेट खाली काढला तो कलेच्या ओढीने वगैरे नाही. सूड घ्यायचा होता म्हणून काढला. एक दिवस तात्यांच्या मांडवात असं वाजवीन की त्यांचं लिंबू त्यांच्या घशात अडकेल, एवढीच माझी साधना. आप्पांनी शिकवलं, हे मात्र खरं. कारण विचारलं नाही. पहिले काही महिने नुसतं माउथपीस ओठाला लावून फुरफुर करायला लावलं. सगळ्या बिल्डिंगला वाटायचं की घरात बदक पाळलंय. खालच्या काकू वर येऊन म्हणाल्या, "अगं, ओठ सुजलेत तुझे, कोण करेल तुला?" मी म्हटलं, "काकू, सुजलेले ओठ बघून जो पळेल तो मला नकोच आहे."

आणि मी लिंबावर तालीम केली. हसा खुशाल. समोर स्टुलावर ताटलीत चिरलेलं लिंबू ठेवायचं आणि त्याच्याकडे बघत एकच सूर धरून ठेवायचा. पहिल्या दिवशी हनुवटीपर्यंत लाळ आली. मग शिकले, की श्वास घ्यायच्या आधी घोट गिळून टाकायचा, जीभ खाली दाबून ठेवायची, नजर लिंबावर असली तरी लक्ष सुरावर ठेवायचं. मग मैत्रिणीला समोर बसवून चोखायला लावलं. तिचे दात आंबले, पण माझा सूर हलला नाही. आप्पांना वाटायचं मी सरबतासाठी लिंबं आणते. एकदा म्हणाले, "सरबत कुठाय गं?" त्यांना करून दिलं.

या वाद्याबद्दल मिळेल ते मी वाचत आले, आणि मला त्यात सारखी माझ्यासारखीच माणसं भेटतात. इजिप्तच्या एका राजाच्या थडग्यात त्याच्याबरोबर दोन ट्रम्पेट पुरलेले सापडले, एक तर चांदीचा. तेव्हापासून हे वाद्य गाण्याचं कमी आणि धमकीचं जास्त. राजा येतोय, लढाई सुरू झाली, किल्ल्याचं दार उघडा. आपली तुतारी, आपलं शिंग, त्याच खानदानातलं. खटके नव्हते तेव्हा, त्यामुळे नळीत जेवढे सूर आपोआप सापडतात तेवढेच वाजायचे, बाकीचे मधले गायब. युरोपात तर राजदरबारच्या ट्रम्पेटवाल्यांनी आपली टोळी केली होती. टोळीबाहेरच्या माणसाने ट्रम्पेट हातात घेतला तर त्याला बडवायचे, दात पाडल्याचेही किस्से आहेत. दात पाडले की माणूस जन्मात पुन्हा वाजवू शकत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. खटके आले ते फार उशिरा, दोनेकशे वर्षांपूर्वी जर्मनीत, आणि मग कुठे या नळीला सगळे सूर मिळाले, कुठे ती लग्नाबिग्नात शोभायला लागली. दात पाडणाऱ्यांचं वाचलं तेव्हा मला वाटलं, तात्यांनी वेगळं काय केलं? आप्पांचे दात शाबूत ठेवून तोंड बंद केलं.

मध्ये डीजेचा काळ आला. भिंतीएवढे स्पीकर लावलेले ट्रक आले आणि बँड चेंगरले. आता पुन्हा लोकांना 'लाइव्ह' हवं असतं. नवरीच्या एन्ट्रीला कीबोर्ड, ढोल आणि ट्रम्पेट. बाई ट्रम्पेट वाजवते म्हटल्यावर तर सगळे मोबाइल वर करतात. कीबोर्ड वाजवणारा सचिन सुपाऱ्या घेतो. यंदाच्या सराईच्या सुरुवातीलाच तो म्हणाला, "ताई, पुढच्या रविवारी चऱ्होली. पार्टी जोरात आहे, राव. आजोबांना नातीसाठी सगळं जुन्या पद्धतीने हवंय, अष्टकांनंतर ट्रम्पेटच पाहिजे म्हणतात." मी आजोबांचं आडनाव विचारलं. त्याने सांगितलं ते तात्यांचंच.

आप्पांना मी सांगितलं, मोशीला आहे. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच असतात. चऱ्होली म्हटलं असतं तर पुन्हा ते दोन शब्द ऐकावे लागले असते.

माझा बेत वर्षानुवर्षं घोटलेला होता. 'वाजवा' अशी आरोळी उठली की मी वाजवायचंच नाही. ट्रम्पेट खाली घ्यायचा, माइकपाशी जायचं आणि सांगायचं, की मी प्यालेले नाही, माझा बापही प्यालेला नव्हता, पुढे या आणि हुंगून बघा. किती वेळा मी हे भाषण कंपनीच्या बसमध्ये मनात केलं आहे! बोलता बोलता माझे हात हलायचे आणि शेजारची बाई सरकून बसायची.

आंबराईच्या जागी आता लॉन आहे, पलीकडे अर्धवट बांधलेले टॉवर. तात्या पुढच्या सोफ्यावर बसले होते. वाळलेले, काठी टेकवून, फेट्याखाली डोळे खोल गेलेले. लिंबू कुणाच्याच हातात नव्हतं, आता ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल असतो. शेवटची अष्टका आली. मी स्टेजच्या कडेला होते, तिथून अंतरपाटामागची नवरी दिसत होती. डोळे घट्ट मिटलेले, हार दोन्ही हातांत धरलेला. त्या पोरीने माझं काय घोडं मारलं होतं? आणि दुसरंही डोक्यात आलं. मी गप्प राहिले तर हे पुन्हा म्हणणार, ट्रम्पेटवाली पिऊन आली. मग त्या घरात दुसऱ्यांदा सूर चुकला असंच होईल की! 'सावधान' झालं, आरोळी उठली आणि मी वाजवलं. असं वाजवलं की सचिन कीबोर्ड विसरून माझ्याकडे बघत राहिला. रागाने छाती भरते म्हणतात, ते खोटं नाही.

जेवणं सुरू झाल्यावर तात्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "लई ग्वाड वाजिवलंस पोरी. काळजात गेलं बघ. कुनाकडं शिकलीस?"

"वडिलांकडे."

"त्ये बी वाजिवत्यात व्हय?"

"वाजवायचे. याच रानात वाजवलं होतं, तुमच्या पुतणीच्या लग्नात. नामदेवमास्तर. पिऊन आलाय म्हणून तुम्ही ज्याला हाकललंत, तो."

त्यांची काठी घसरली. मी उचलून दिली नाही. ती स्वतःच वाकून उचलली आणि म्हणाले, "त्ये पिल्यालं नव्हतं गं. लिंबू म्या चोखलं हुतं."

"माहीत आहे. मी तिथेच होते."

"नवऱ्याकडची खवाळली हुती. लगीन मोडतंय का काय, म्हून तोंडातनं गेलं. मागनं परत घ्याची हिंमत न्हाई झाली. पुतनीच्या घरात कायबी वंगाळ झालं की मला त्योच दिस आठवतो."

इतकी वर्षं मला वाटायचं की हे नाकारतील, नाहीतर विसरले असतील. दोन्हीची तयारी होती. ही नव्हती. मी म्हटलं, "तात्या, हे आत्ता बोललात ना, ते तिथे माइकवर जाऊन बोला. तीच भावकी बसली आहे. आमचे आप्पा प्याले नव्हते, एवढंच म्हणा."

त्यांनी मांडवाकडे बघितलं. व्याही फेटे सावरत होते, तात्यांचा मुलगा पाहुण्यांना हात जोडत होता. मग आवाज उतरवून म्हणाले, "आता नातीच्या लग्नात कशाला गं उगा? त्यापरीस मला तुमच्या घरी घिऊन चल. मास्तरांच्या पाया पडतो. कुठं असत्यात?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बदनामी केली ती चारशे माणसांत आणि माफी मागायची ती आमच्या स्वयंपाकघरात, चहा पिता पिता! आणि मला पक्कं माहीत होतं, घरी काय होईल ते. आप्पा त्यांना पाया पडूच देणार नाहीत. मिठी मारतील, "जाऊ द्या हो तात्या" म्हणतील, मला पोहे करायला सांगतील. आणि हा माणूस हलका होऊन, ढेकर देऊन, सुखाने झोपायला घरी जाईल. माझ्या हाताचे पोहे खाऊन!

मी म्हटलं, "आप्पा गेले."

"कवा?"

"तुमच्या पुतणीच्या लग्नानंतर फार दिवस काढले नाहीत त्यांनी."

तात्यांचा चेहरा मी नीट बघून घेतला. खालचा ओठ लटपटायला लागला, काहीतरी बोलायला गेले आणि नुसती हवा आली. उपरण्यात तोंड घातलं आणि म्हातारा हमसून हमसून रडला. लोकांना वाटलं, नात सासरी चालली म्हणून रडतोय. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं बरं वाटलं. आता मरेपर्यंत यांना माफी मिळणार नाही, कारण ती देणारा माणूसच मी काढून घेतला होता. जिवंत माणसाला गेला म्हटलं की त्याचं आयुष्य वाढतं म्हणतात. रिक्षात बसल्या बसल्या मी तेही मनाशी म्हणून घेतलं.

घरी पोचले तेव्हा चहाची वेळ झाली होती. आप्पा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. गुळगुळीत दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. रविवारी ते दाढी करत नाहीत, बनियनवर असतात. टीपॉयवर कपबश्या मांडून ठेवल्या होत्या. तीन.

"कोण यायचंय?" मी विचारलं.

"कुणी नाही. आपलं असंच." मग माझ्या मागे उघड्या दाराकडे बघत म्हणाले, "सचिन सकाळी फोनवर म्हणला, चऱ्होलीला हाय म्हणून."

मी ट्रम्पेटची पेटी खाली ठेवली. त्यांनी घसा साफ केला.

"कुणी विचारलं का गं मला? नामदेव कुठं असतो म्हणून?"

"नाही आप्पा," मी म्हटलं. "कुणी नाही विचारलं."

त्यांनी मान हलवली. "बरं. लै वर्षं झाली की, माय," म्हणाले. मग उठले, आत गेले आणि तो शर्ट काढून पुन्हा हँगरला लावून ठेवला.